ए-साडेतीन

खेतवाडीतल्या एका पोटमाळ्यावर,
जिथं ताठ उभं राहिलं की पंखा केसांना लागतो,
मी दात करतो.

पेशंट म्हणतात कॅप. डॉक्टर बिलावर लिहितात क्राउन.
मला ब्रश धरायला शिकवणारे रेगो मास्तर
नुसतं म्हणायचे, काम.
तीन कामं आली. एक काम परत आलं.

माणूस मला दिसत नाही.
प्लास्टरचा जबडा येतो, रबरबँड लावलेला,
आणि चिठ्ठी: नाव, वय, कुठला दात, कुठला रंग.
हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणतात.
मला न हसणाऱ्यांचेही दिसतात.
दोरा दातानं तोडणारी बाई लगेच कळते.
झोपेत दात खाणारा कळतो,
दिवसा कुणापुढे तरी गप्प बसत असणार.
मिश्री प्लास्टरवर उमटत नाही,
ती चिठ्ठीतून येते: मुळाशी तपकिरी, तशीच ठेवा.

सगळ्यांना पांढरा हवा असतो.
माझ्या पट्टीवर सोळा रंग आहेत,
त्यांत पांढरा नाही.
पिवळट आहेत, करडे आहेत,
चहाचे, लहानपणीच्या तापाचे, वयाचे.

परवाची चिठ्ठी.
तुळशीराम वाघचौरे, एकसष्ट, वरचा पुढचा उजवा, ए-साडेतीन.
खाली डॉक्टर सबनीसांचं मुंगीसारखं अक्षर:
लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.
जिन्यात पडून दात गेला.
नव्या दाताला खाच मागतात. देऊ नये, तडकेल.

खाच म्हणजे काय, ते डाव्या दातावर होतं.
कडेला, नखातल्या चंद्राएवढं झिजलेलं.
भिंगाखाली धरलं,
तर उंबऱ्याच्या मधोमध असतो तसा गुळगुळीतपणा.
क्लॅरिनेटचं तोंड चाळीसएक वर्षं तिथं टेकलेलं,
किती नवरदेव घोड्यावर चढवून दिले असतील.
खाचेची अर्धी बाजू इथं शिल्लक होती.
उरलेली अर्धी जिन्यात कुठंतरी,
कुणीतरी झाडून नेलेली.

पावडर पाण्यात कालवायची, थरावर थर चढवायचा,
टिश्यूनं ओल टिपायची.
भट्टीत पोर्सिलेन आक्रसतं,
म्हणून दात आधी मोठा बांधावा लागतो.
मास्तर सांगायचे, लाज वाटेल इतका मोठा बांध,
पुढचं आग बघेल.

रात्री आतली धातूची टोपी मोडीत काढली,
पुन्हा ओतली, कडेला केसभर आखूड,
म्हणजे खाचेला उतरायला जागा मिळेल.
मग नऊशे वीस अंश.
मग रबरी चाक, अगदी हलक्या हातानं.
चाळीस वर्षांची झीज मी पावणेदोन तासांत केली.
जबड्यावर बसवून दोन्ही दातांवरून बोट फिरवलं.
कुठं एक संपतो, बोटाला सांगता आलं नाही.

डब्यात चिठ्ठी टाकली:
खाच भट्टीत पडली. क्षमस्व.

सबनीसांनी काही विचारलं नाही.
महिनाअखेरीच्या हिशेबात
सत्तर रुपये कापले, कारण न लिहिता.
काम परत आलं नाही.

काल संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी वरात थांबली.
ढोल, ट्रम्पेट, आणि त्यांच्या वर
एक बारीक, चिवट सूर, मोडता मोडता न मोडणारा.
मला सुरातलं कळत नाही. दातांतलं कळतं.
खिडकी उघडून वाकलो.
पोटमाळ्यावरून बँडवाल्यांचे फक्त तुरे दिसतात,
लाल, सोनेरी, एक अर्धा मोडका.
तोंडं दिसत नाहीत.

ते वळेपर्यंत उभा होतो, मान वाकडी करून.
मागं ताटलीत पावडर सुकत आली होती,
कुण्या एका मेहरुन्निसा पटवेकरची दाढ.
तिच्यात एक थेंब पाणी घातलं.