लाल मानेचे, काळ्या मानेचे

मोरसली गल्लीत माझं माडीवरचं दुकान, पटव्याचं.
पोत गाठायची, ठुशीला गोंडा लावायचा,
आणि वर्षातून एकदा, होळी उलटली की,
महूच्या टिल्लूंसाठी पाणकिडे बांधायचे.

ते निंफ म्हणतात. मी किडेच म्हणते.
गळाच्या पाठीवर मोरपिसाचे दोन तंतू,
छातीला सशाची लव, शेपटीला तीन केस.
निम्म्यांच्या पोटात आधी तांब्याची तार,
सराफ्यातून आणलेली, केसाहून जराशी जाड.
सात वेढे. आठवा घातला तर धोंडा होतो.
बांधून झाले की दोन्ही सारखेच दिसतात,
म्हणून तारवाल्यांची मान लाल रेशमाने आवळते,
नुसत्यांची काळ्या.

ट्राउट मी पाहिलेली नाही.
तीर्थनच्या पाण्यात असते म्हणे, तिकडे हिमाचलात.
पण डोहाचा तळ कसा, दगडामागे पाणी कसं थबकतं,
हे टिल्लूंनी बादलीत हात फिरवून दाखवलंय.
लाल मानेचा सोडला: डुबुक, थेट तळाला.
काळ्या मानेचा गिरकी घेत, रेंगाळत,
खरा किडा जाईल तसा गेला.
"जडाला मासा सापडतो," ते म्हणाले,
"हलक्याला मासा फसतो."
मी म्हटलं, मग दोन्ही डझन-डझन घ्या.
बोहनीची वेळ होती.

यंदा ते रिक्षातून आले, जिना चढलेच नाहीत.
रस्त्यावरूनच म्हणाले, सगळे काळ्या मानेचे द्या.
आणि डोह?
डोह आता पोरांना. कमरेएवढ्या ओढीत
गुडघे ऐकत नाहीत. मी काठालगत उभा राहीन,
घोटाभर पाण्यात. तिथं जड किडा दगडात अडकतो.
लागलंच तर शिशाचा मणी दोऱ्यावर चिमटीन, वीतभर वर.
वजन किड्याला कळता कामा नये.

हे मला पटलं.
भार दोऱ्याने घ्यायचा, मणी मोकळे ठेवायचे,
एवढंच तर आम्ही चार पिढ्या करतोय.

चोवीस काळ्या माना आवळल्या.
पंचविसावा कुणी मागितला नव्हता,
तरी तारेचं रीळ हातात आलं.
तीन वेढे दिले. सात नाही.
आता याची मान कोणत्या रंगाची, ते ठरेना.
खाली भुट्ट्याच्या किसाची कढई चढली,
कुलूप लावायची वेळ झाली,
आणि तो चिमट्यात तसाच राहिला,
मान उघडी.