फुली

गुरुवारी पाणी नसतं,
हे हेरंबला बुधवार दुपारपासून पोटात कळतं.
पिंप भरलं का, बादल्या, घागर, कुकर,
चहाची किटलीसुद्धा काठोकाठ.
धनकवडीतल्या या दोन खोल्यांचा
पाणीपुरवठा अधिकारी,
वय वर्षं त्रेचाळीस.

धाकटा सुश्रुत बोलत नाही.
ऐकतो मात्र सगळं, नावाला जागून.
दाढीसाठी मोरीच्या दारात उभा राहतो,
गालाला साबण आधीच लावून, एका कानासकट.
हे होते तोवर हे काम यांचं.
मी साठी उलटल्यावर शिकले
कातडी कशी ताणायची,
हनुवटीखाली आलं की श्वास कसा धरायचा. त्याने नाही, मी.
तो माझ्या डोळ्यांत बघत नाही.
माझ्या कुडीतल्या मोत्याकडे बघतो,
आणि तेवढ्या वेळात
आमचं बरंच बोलणं होतं.

हेरंब सोळाचा असताना
रास्ता पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी
चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं:
एक फुली. तिचा एक पाय टोकाशी बारीक,
तुटेल तुटेल असा.
मुलग्यांना ही एकच मिळते, म्हणाल्या,
आणि ती आईकडून.
सासूबाई तोवर गेल्या होत्या.
पंधरा वर्षं त्या म्हणत होत्या,
हे तिच्या माहेरचं.
बरोबर निघाल्या. ऐकायला नव्हत्या,
तेवढंच देवाने माझं ऐकलं.

मग बाबांचा हात आठवला.
शेवटी शेवटी कप बशीवर वाजायचा त्यांचा,
कडकडकड, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं.
वडिलांकडून येतं तेव्हा
सगळ्या लेकींना येतं.
आम्ही दोघी.
मी कुमुदला त्याच आठवड्यात सांगितलं.
ती म्हणाली, ताई, माझी सानिका तीन वर्षांची आहे,
गीतेचा पंधरावा अध्याय म्हणते.
पुढे सत्तावीस दिवाळ्या
आम्ही फराळाचे डबे बदलले,
हा विषय नाही.

आज सानिकाचा फोन, बाणेरहून.
मावशी, तिसरा लागला.
आईला सांगू नकोस हं, तुला आधी सांगितलं ते.
मी म्हटलं, पालेभाज्या खा.
म्हटलं, रिक्षाने फार हिंडू नकोस.
जप, म्हटलं,
आणि तिथेच अडकले.
कशाला जप? कुणापासून?
ओट्याशी हेरंब किटलीवर झाकण बसवत होता,
नीट बसेना म्हणून परत काढून परत बसवत होता.
सुश्रुत, अर्धी दाढी झालेला,
माझ्या तोंडाकडे बघत होता.
मोत्याकडे नाही. तोंडाकडे.
फोन ठेवला.
उरलेला गाल करताना
पहिल्यांदा त्याला जरासं लागलं.

रात्री गॅसच्या बिलामागे
मी वाक्यं लिहून बघते.
"सानिका, तुझ्या आजोबांचा हात आठवतो?"
खोडलं. तिने बघितला कुठे.
"एक तपासणी असते."
"घाबरू नकोस" हे वर लिहू की खाली?
आणि हेही लिहायचंय, की दोघं घरात असतात
तेव्हा मला घड्याळ लागत नाही,
की मी दमते, की माझ्यामागे कोण
हा प्रश्न मी रोज कणकेत मळते,
की तरीही. पुढचं सुचत नाही.

हेरंब कॅलेंडरपाशी खोळंबलाय.
दिवस संपला की तो चौकोनावर फुली मारतो,
त्याशिवाय झोपत नाही.
परवाच्या वर्षी मी दवाखान्यात होते
ते नऊ दिवस कोरे आहेत.
का रे, विचारलं होतं.
"झालेच नाहीत," म्हणाला.

"आई, पेन."
थांब, म्हणते, एवढी एक ओळ.
तो थांबतो. एका पायावरून दुसऱ्या पायावर.
मग माझी समजूत काढावी तसा सांगतो,
"उद्या येईल पाणी.
पहिलं गढूळ येतं.
ते ओतून नाही द्यायचं.
झाडांना."