ट्यूबलाइटचा सा

डंडीत, नदीच्या अंगाला, ज्यूटच्या जुन्या गिरणीत
आम्ही एक संगीत नाटक बसवत होतो.
आम्ही म्हणजे सोळा ते एकोणीस वयाची चौदा जणं.
नाटक एका देवमाशाचं, जो वाट चुकून खाडीत येतो
आणि अख्खं गाव त्याला बघायला जमतं.
देवमासा मॉर्व्हेन.
भूमिका तिनंच मागून घेतलेली.
"बघायला जमलेले लोक मला पाठ आहेत," म्हणाली.

कॉलला टेबलाखाली बरं वाटायचं.
पहिले आठ दिवस आम्ही त्याला बाहेर बोलवत राहिलो,
मांजराला बोलावतात तशा गोड आवाजात.
नवव्या दिवशी रुअरीनं टेबलच ओढून मध्यावर आणलं,
त्याला वल्ही बांधली.
आता ती होडी आहे, आणि होडीचा तळ कॉलचा.
तिथून तो ढोल वाजवतो.
कधी कधी वाजवत नाही.
तेव्हा समुद्र शांत असतो, असं संहितेत लिहून टाकलंय.

मॉर्व्हेनचं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी.
प्रवेश आला की विंगेत उभी, कानांवर हात,
पियानो एकटाच पुढं निघून जायचा.
"गाणं खोटं आहे." एवढंच.
शब्द बदलले. चाल बदलली. चहा केला.
चाल जिची होती ती एल्स्पेथ
जिन्यात जाऊन रडून आली.

मग एकदा मॉर्व्हेननं वर बोट केलं.
"ती आधीपासून गातेय.
तुम्ही तिच्या अंगावर गाताय."

गप्प झालो.
आणि आली ऐकू: छतावरची ट्यूबलाइट,
गुं, एकसुरी, हॉलभर,
महिनोन्‌महिने आमच्या डोक्यावर.
स्वमग्न म्हणतात ना तिला,
आणि इतके दिवस आपल्याच आवाजात बुडालेलो आम्ही.
आमचीच ट्यूब उशिरा पेटली.

एल्स्पेथ पियानोवर तो स्वर धुंडाळत बसली.
पांढरी पाचच्या किंचित वर,
काळी चारला पोचत नाही.
दोन पट्ट्यांमधल्या फटीत,
जिथं बोट जात नाही, नुसती धूळ जाते.
पियानो ढकलला भिंतीकडं.
फिडल त्या फटीत उतरवली, गळे उतरवले,
ट्यूबलाइटला सा मानला.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी
नगरपालिकेचा माणूस शिडी घेऊन आला.
भला माणूस. नवे दिवे लावून गेला,
बिनआवाजी.

संध्याकाळी दोनशे माणसं.
दारात पाटी: टाळ्या नकोत, हात हलवा.
देवमाशाची वेळ झाली.
मॉर्व्हेन विंगेत, मान वर.
छत मुकं.

एक मिनिट. दुसरं.
खुर्च्या करकरल्या, कुणीतरी खोकलं.
मी दिव्यांच्या खटक्यावर बोट ठेवून,
अंधार करू की नको.

तेवढ्यात टेबलाखालून: गुं.
कॉल. जो पहिल्यापासूनच गुणगुणायचा
आणि ज्याला आम्ही दरवेळी शूः म्हणायचो.
त्याच्यात रुअरी मिसळला, मग एल्स्पेथ, मग सगळं गाव.

"खाली आहे," विंगेतून, खणखणीत.
चढवला.
"अजून."
चढवला.
"आता जास्त झालं."
हे नाटकात आहे की नाही
लोकांना कळेना. आम्हालाही.
आम्ही तसूतसूनं सरकत राहिलो त्या फटीत

आणि ती आली, हळू,
खाडीत पाणी शिरावं तशी.

शेवटी चारशे हात हवेत हलले.
तिनं पाहिले नाहीत, ती बूट शोधत होती.
नाडी बांधताना म्हणाली,
"दुसऱ्या अंकात उतरला होता तुमचा.
उद्या लवकर या."