तात्पुरती ज्येष्ठता यादी

यादी आली तेव्हा मी ओझरला, माहेरी,
आईबरोबर वालाच्या शेंगा निवडत होते.
फोन थरथरला. एकशे बारा पानं.
नाव शोधायला दोन सेकंद लागतात आता:
नेत्रा बोरस्ते, सहवैमानिक, क्रमांक चौदाशे नऊ.

काल मी सहाशे बारा होते.
रात्रीतून कुणी मेलं नाही, कुणी जन्मलं नाही,
फक्त दोन कंपन्यांचं लग्न लागलं
आणि पंगत नव्याने मांडली.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात:
आक्षेप असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.
अकरा वर्षं उजवी खुर्ची,
सात दिवाळ्या हॉटेलच्या खोलीत,
पहाटे तीनला दाराशी आलेली गाडी,
आणि शेजाऱ्यांचा कुत्रा, जो मला अजून चोर समजतो.
अर्जात रकाना एकच. रुजू झाल्याची तारीख.

तन्वीर कोकणी माझ्या वर सातशे नावं.
तोच तन्वीर, ज्याला मी स्कूटरवर मागे बसवून
भद्रकालीतून नाशिकरोड स्टेशन गाठलं होतं,
मेडिकलसाठी, पाच मिनिटं उरली असताना.
एकाच डॉक्टरने आमचे डोळे तपासले.
मला आधी नोकरी लागली.
तो चौदा महिने वडिलांच्या टायरच्या दुकानात
पावत्या फाडत बसला.
मग त्याच्या कंपनीने विमानं घेतली
लोक मेथीच्या जुड्या घेतात तशी,
आणि चार वर्षांत त्याच्या खांद्यावर चौथी पट्टी.
माझ्या कंपनीने त्या काळात मार्ग बंद केले.
ते म्हणतात, पट्टी आधी कुणाला मिळाली ते बघा.
आम्ही म्हणतो, दारात आधी कोण उभं होतं ते बघा.
दोन याचिका, दोन वकील,
आणि दोघांचंही खरं, हीच पंचाईत.

बाबा एचएएलमध्ये फिटर होते.
पितळी टोकन अजून देवघराच्या खिळ्याला.
म्हणाले, छत्तीस वर्षं माझा नंबर चारशे सतराच.
मी विचारलं, तुमचं शॉप दुसऱ्यात विलीन केलं, तेव्हाही?
तेव्हाही.
प्रमोशन गेलं. नंबर राहिला.

आई पंचवटीची. तिला कशाचं नवल नाही.
शेंगेची शीर ओढत म्हणाली,
सिंहस्थात साधूसुद्धा भांडतात गं, आधी बुडी कुणाची म्हणून.
घरदार सोडून आलेली माणसं ती.
तुम्ही तर घराचे हप्ते भरता.

पुढच्या आठवड्यात रोस्टर लागलं.
दिल्ली ते ओझर. डावीकडे तो, उजवीकडे मी.
संगणकाला याचिका वाचता येत नाहीत.
दोन तास आम्ही बोललो
इंधनाबद्दल, ढगांबद्दल,
त्याच्या मुलीच्या दातांच्या तारेबद्दल.
चांदवडचे डोंगर दिसले तेव्हा तो गप्प झाला.
मग म्हणाला, उतरव तू. घर तुझं आहे.
मी म्हटलं, कंट्रोल माझ्याकडे.
तो म्हणाला, कंट्रोल तुझ्याकडे.
एवढं एक वाक्य कोर्टात दाखल करता आलं असतं तर.

खाली द्राक्षबागांवर पांढरी जाळी,
डावीकडून बारा नॉट वारा,
कुठेतरी गच्चीवर चारशे सतरा
डोळ्यांवर हात धरून उभे असतील.
चाकं टेकली, जरा जोरातच.
तो काही बोलला नाही. मीही नाही.

पार्किंगमध्ये टोपी काढून म्हणाला,
परवा मुंबईला तारीख आहे.
माहीत आहे.
येणारेस?
तुझ्याविरुद्ध.
मग एकाच गाडीने जाऊ, म्हणाला,
घोटीचा टोल अर्धा-अर्धा.

ठरलं.
निघायचं सकाळी सहाला, द्वारका सर्कलवरून.
चालवणार कोण, ते अजून ठरायचंय.