सुरी हातात देऊ नये

सकाळी सव्वासातला अकाउंट्स,
साडेअकराला मेस, आणि चारनंतर मी
डहाणूकर कॉलनीच्या जिन्यांवर.
पाठीवर सॅक. सॅकमध्ये पाच सुऱ्या, एक कात्री,
पावतीपुस्तक, अर्धा किलो टोमॅटो
आणि काल कुणी न कापू दिलेली भोपळ्याची फोड.

बाफना सरांनी शिकवलं होतं:
आधी हसायचं, मग नाव, मग टोमॅटो.
'नाही' म्हणजे 'अजून नाही'.
टिळक रोडला झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
दर सोमवारी आम्ही एकवीस जण टाळ्या वाजवायचो.
कशासाठी, ते टाळ्या संपल्यावर आठवायचं नाही.

पहिले अकरा दिवस
'नाही' म्हणजे नाहीच होतं.
दाराच्या भिंगात एक डोळा यायचा, जायचा,
स्लिपरांचा आवाज तेवढा मागे ठेवून.
एका काकांनी सुरी मन लावून पाहिली.
कागद कापला, सुतळी कापली, माझे तीन टोमॅटो कापले,
एक मीठ लावून खाल्लाही,
आणि म्हणाले, उत्तम आहे. पण आमच्याकडे विळी आहे.

विळी.
हे उत्तर सरांच्या वहीत नव्हतं.
रात्री होस्टेलवर मी ते माझ्या वहीत लिहिलं,
भांडवली आणि महसुली खर्चाच्या उदाहरणाखाली,
आणि बराच वेळ आईचा अंगठा आठवत बसले:
करमाळ्याच्या बोर्डिंगात
रोज साठ पोरांचा कांदा चिरणारा,
आडवी भेग पडलेला,
भेगेत न निघणारं काळं.

बाराव्या दिवशी खांबेटेबाई. दुसरा मजला, साखळी लावलेलं दार.
फटीतून मला आधी काठी दिसली, मग गुडघ्यावरचा पट्टा.
मी हसायचं विसरले, नाव विसरले.
विचारलं, खाली बसता येत नाही,
तर भाजी कोण चिरतं हो?

बाई थांबल्या.
साखळीएवढं दार माणसाएवढं झालं.

मी सुरी पुढे केली तर म्हणाल्या,
अगं, हातात देऊ नये, भांडण होतं. खाली ठेव.
मी ओट्यावर ठेवली. त्यांनी उचलली.
सात महिन्यांनी, उभ्यानं, स्वतःचा कोबी.
चिरता चिरता त्या माझ्याशी बोलायच्या थांबल्या
तेव्हा मला कळलं, विकली गेली.

मग त्यांनीच फोन लावले.
फिजिओथेरपीच्या रांगेतल्या सगळ्या,
भिशीतल्या दोघी, एक विहीणबाई.
कर्वेनगर ते सहकारनगर
पुण्याचे गुडघे मला पाठ झाले.
परीक्षेच्या पंधरवड्यात एकही बेल वाजवली नाही,
कुणी जाब विचारला नाही. उलट बायकाच विचारायच्या,
पेपर कसा गेला?
डिसेंबरात फळ्यावर माझं नाव पहिलं होतं,
ननवरेतला एक न गाळून.
टाळ्या वाजल्या. या वेळी कारण माहीत होतं,
तरी हात कुठे ठेवावेत कळेना.
अकरा हजार चारशे.
दुसऱ्या सत्राची फी मी स्वतः भरली
आणि खिडकीपाशी उगाच पावती दोनदा वाचली.

सुट्टीत घरी गेले, आईपुढे सुरी ठेवली.
खाली, फरशीवर.
तिनं उचलली नाही. डब्यातून रुपया काढला.
धार फुकट घेऊ नये.
पावती फाडू? मी हसत म्हटलं.
फाड की.
फाडली. एकशे सात नंबर.
खरी किंमत ऐकून ती म्हणाली,
एवढ्यात आख्ख्या गल्लीच्या विळ्यांना धार लावून होईल,
आणि सुरी फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली.
पावती देवाजवळ.
मग विळीवर पाय ठेवून तिनं कांदा घेतला.

दोन कांदे झाल्यावर, मान वर न करता:
जायच्या आधी शेवाळेवहिनीकडे जाऊन ये.
तिचेपण गुडघे गेलेत.