विरजण शेजारी आहे

नर्सने यादी दिली.
डाळिंब नाही, पपनस नाही, मोडाची कच्ची मटकी नाही.
घरचं दही? मी विचारलं.
ती थबकली. कुणी घरी लावतं, हेच तिला नवीन.
मग म्हणाली, इतक्यात तरी नको.

विरजण नऊ वर्षांचं.
सासूबाईंनी मिरजेहून सुती फडक्यात वाळवून दिलेलं.
विमानतळावर विचारलं तेव्हा म्हटलं, रुमाल आहे.
अगदीच खोटं नव्हतं.
त्याला रोज रात्री दूध लागतं,
दोन दिवस विसरलं की रुसतं.
फेकवेना.
म्हणून शेजारी नेऊन दिलं, मॉरीनकडे,
वाटीत, वर बशी झाकून.
कोमट म्हणजे नक्की किती, तिने विचारलं.
करंगळी बुडवून दहा मोजता आले पाहिजेत.
हॅलिफॅक्सच्या त्या स्वयंपाकघरात
मॉरीनने करंगळी बुडवली
आणि इंग्रजीत दहा मोजले.

हेरंबच्या पोटावर आता एक रस्ता आहे,
बरगडीखालून निघून मधेच वर वळणारा.
रेवा म्हणते, लीड्सला जातो तोच, एम सिक्स्टी-टू,
कामं चालू आहेत.
हसला की टाके ओढतात.
तिला ताकीद आहे, बाबाला हसवायचं नाही.
घरात इतकी अवघड गोष्ट
दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेली नाही.

आठ आणि आठ.
सकाळी आठ, रात्री आठ.
गोळ्या आतल्या राखणदाराला थोपटून निजवतात,
नाहीतर तो उठेल, कंदील वर धरेल,
विचारेल, हा कोण? हा आपल्यातला नाही.
ऑक्टोबरात घड्याळं तासभर मागे गेली
तेव्हा आम्ही तिघं ओट्यापाशी उभे.
आठ कुणाचे धरायचे?
सरकारचे, की यकृताचे?
फोन लावला. पलीकडची बाई हसली नाही.
नव्या आठला घ्या, म्हणाली, एवढं चालतं.
एवढं चालतं.
मी ते फ्रिजवर लिहून ठेवलंय.

त्याचे हात थरथरतात, गोळ्यांनीच.
मी कप अर्धाच भरते.
उरलेला अर्धा त्याला दिसतो.
तो बोलत नाही, मीही नाही.

कधी कधी बाजारातून येते
आणि गाडीतच बसून राहते, दारासमोर,
इंजिन बंद,
गोठवलेल्या मटारची पिशवी मांडीवर पाणी सोडत.
आत सगळे माझी वाट बघतायत, हे माहीत असतं.
त्याचाच राग येतो.
मग उतरते. हात धुते. वीस सेकंद.

पत्र लिहायचंय.
आपलं नाव घालायचं नाही, गाव घालायचं नाही.
त्यांचं तर आपल्याला ठाऊकच नाही.
एक बाई, चाळिशीतली, एवढंच कळलं.
ऑगस्टमधल्या त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
आमचा फोन वाजला.
म्हणजे त्याच्या आधी
कुणाचा तरी वाजला असणार.

रेवा म्हणाली, मी टाइप करते.
तो म्हणाला, नको, अक्षर असू दे.
चार संध्याकाळी झाल्या.
कागदावर एक वाकडंतिकडं 'डियर' आहे
आणि एक स्वल्पविराम.
मधे जागा सोडलीय.

परवा मी भांडी घासत होते.
बाहेरच्या खोलीतून तो ओरडला,
लागलं!
साबणाच्या हातांनी धावले,
कुठे? कुठे लागलं? टाक्याला?
तो खिडकीकडे बोट दाखवत होता.
मॉरीन बाहेर उभी, सर्दी झालेली, म्हणून काचेपलीकडे,
नाकाला मफलर,
आमची वाटी दोन्ही हातांनी तिरपी करून दाखवत होती.
आणखी तिरपी. जवळजवळ उभी.
हललं नाही.

हेरंब पोटावर उशी दाबून धरून
हसत होता.
रेवा म्हणाली, मी काही केलं नाही हं.