पंधरावा महिना

पंधरा महिने पोटात वाढवलं
आणि पान्हा फुटला नाही.
वॉलरसच्या आईनं पिल्लू नुसतं हुंगलं,
पाण्यात उतरली.

तेव्हापासून वीबके तळ्याकाठी झोपते,
हॅम्बुर्गच्या गारठ्यात, मे असूनही,
ओल्या गादीवर.
दर तीन तासांनी बाटली:
साय, माशाचं तेल, वाटलेल्या तिसऱ्या.
पिल्लू आधी तिचं कोपर चोखतं,
मग बाटली.

वहीत: वजन एकसष्ट किलो, ताप नाही.
ती दिवा लावायला उठली तरी
ते घसा फाडून रडतं, याला रकाना नाही.
तिच्या गालावरून त्याच्या मिशा फिरतात
चिखलात काहीतरी चाचपल्यासारख्या.
चिखल त्यानं पाहिलेला नाही.

पलीकडे बाप.
सुळे काँक्रीटवर घासून बोथट.
रात्रभर तळ फुंकत राहतो.
तळाला निळी फरशी, रोज धुतलेली.

आज पहाटे आई काठाशी आली.
वीबके श्वास रोखून बाजूला सरकली,
हातभरच.
पिल्लानं आईकडे पाहिलं,
आणि सरपटत येऊन
वीबकेच्या रबरी बुटांवर डोकं टेकलं.

तिनं वेळ लिहिली, चार वीस.
मग मुंग्या आल्या तरी
बराच वेळ
पाय हलवले नाहीत.